नमुना सही

तेवीस पत्रं आहेत माझ्याकडे. चोवीस म्हटली तरी चालेल,
एक अर्धं उंदरानं खाल्लंय.

सगळी दातीरांची. य. श्री. दातीर,
ज्यांच्या खुनांनी आमच्या गल्लीतल्या बायकांची
दुपारची झोप घालवली,
ज्यांचं पुस्तक लायब्ररीतून आणावं
तर शेवटचं पान कुणीतरी आधीच फाडून नेलेलं.

पहिलं भद्रकालीच्या रद्दीत सापडलं, दीड रुपयात.
पंधरा पैशांचं कार्ड, आमच्याच आवारात छापलेलं.
भुसावळच्या कुणा तिकीट तपासनिसाला लिहिलंय:
"आपण म्हणता ते खरे. ती गाडी लासलगावला थांबत नाही.
पुढील आवृत्तीत खुन्याला जीपने आणतो.
लोभ असावा."
खाली सही. शेवटच्या र ची शेपटी
सुरीसारखी खाली ओढलेली.

मग नादच लागला.
सिन्नरच्या विडी कारखान्यातला मुनीम,
ओझरची एक नर्स
(त्या विषाला वास येतो, हे तिनंच कळवलेलं),
निफाडचा एक पोरगा, ज्यानं खुनी चाळिसाव्या पानावर ओळखला
आणि बक्षीस मागितलं.
दातीरांनी पाच रुपयांची मनीऑर्डर केली.
तिची पावतीसुद्धा आहे.
द्राक्षांच्या रिकाम्या पेटीत ठेवते सगळं, कापूर घालून.
नवरा म्हणायचा, मेलेल्या माणसाची रद्दी.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले.
आकडा सरकलेला, शाई पसरलेली, तार भलतीकडून गेलेली.
डोळा आधी थांबतो,
कारण मागाहून सापडतं.

निवृत्तीनंतरची गोष्ट. जेलरोडला लाईट गेलेली.
बॅटरी काखेत धरून पत्रं तारखेनं लावत होते
आणि डोळा थांबला.

शहाऐंशीच्या दिवाळीपर्यंत शेपटी सरळ खाली.
पुढच्या नऊ पत्रांत
ती टोकाला जराशी वर वळते,
निघालेल्या माणसानं उंबऱ्यात काहीतरी आठवून थांबावं तशी.

असा ताव आम्ही बाजूला काढायचो, लाल खूण करून.
मी खूण केली नाही. पुस्तकं काढली.
सालवार रचली जमिनीवर, चार रात्री वाचली.
सत्त्याऐंशीपासून त्यांच्या कादंबरीत
बाई पहिल्याच प्रकरणात मरायची थांबली होती.
इतकी वर्षं वाचतेय,
हे दिसलं नव्हतं मला.

पंडित कॉलनीत त्यांची पुतणी राहते, शरयू दातीर, वय एक्क्याऐंशी.
चिवडा दिला, चहा दिला.
पत्रं हातात घेतली नाहीत. लांबूनच म्हणाली,
"काकांचा उजवा हात गेला होता."
मग बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.
दूधवाल्याचं बिल ओढलं तिनं, पाठकोरं केलं
आणि सरसर, न बघता: य. श्री. दातीर.
शेपटी टोकाला जराशी वर.
"पत्रं येतच राहायची हो. काय कळवणार लोकांना?"

"आणि पुस्तकं?"

"चहात साखर कमी नाही ना पडली?" म्हणाली.

निघताना वही पुढे केली. म्हटलं, मला एक पत्र द्या.
तुमच्या नावानं.
पेन उघडून ती बसून राहिली.
बाहेर भोंगा वाजवत पाववाला आला आणि गेलाही.
मग दोन ओळी: "सप्रेम नमस्कार.
आपण म्हणता ते खरे."
आणि सही.

घरी येऊन भिंगाखाली धरली.
शाई जागोजागी थबकलेली, अक्षरं सुटी सुटी,
चौथीतल्या पोरीनं पाटीवर काढावीत तशी.
चोविसांत हीच एक, जिच्याबद्दल
मला काही सांगता येत नाही.
ताडून बघायला दुसरा नमुना नाही.